सखुबाईंचं मौन आणि कमळची परीक्षा

कमळ लशके जन्मली तेव्हा अशी काही रडली, की खाडीत असलेल्या तिच्या बापानं होडी माघारी फिरवली. असं तिची आई सखुबाई सांगायची. आणि ती सांगायची तेव्हा खाडीपलीकडच्या मढच्या लोकांनाही ती गोष्ट नव्यानं ऐकू जायची.

मी त्या काळात नाटकांतून कजाग सासवा करत होते आणि अंधेरीच्या पुढे, वेसाव्याला, लशक्यांच्या माडीवर राहत होते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवते म्हणून माझं कौतुक व्हायचं. सखुबाई तेच काम बोंबील साफ करता करता करायच्या. त्यांनी खालून "कमळेऽऽ" म्हणून हाक मारली की गल्लीतल्या चार घरांतून चार कमळा "ओ" द्यायच्या. नवरा महादू मात्र अबोल. लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर त्यानं जे तोंड मिटलं, ते मिटलंच.

कमळला डॉक्टर व्हायचं होतं. मार्क थोडक्यात हुकले. प्रवेशाच्या खिडकीवरच्या कारकुनानं तिचा पडलेला चेहरा पाहिला आणि म्हणाला, "बाई, इस्पितळाच्या कॉलेजात एक नवा अभ्यासक्रम निघालाय. विद्यापीठाची पदवी आहे. तोतरे, बोबडे, बहिरे, आवाज बसलेले, अशा लोकांना बोलायला शिकवायचं."

"बोलायला शिकवायचा पगार मिळतो?" कमळनं विचारलं.

"मिळतो."

"मग माझ्या आयशीची मागची सगळी थकबाकी काढा," असं म्हणून कमळनं प्रवेश घेतला.

वेसाव्यात ही बातमी पसरली तेव्हा कुणाला काही कळेना. शेजारचा काशीराम मला जिन्यात गाठून म्हणाला, "बाई, बोलायला शिकवायचं कॉलेज? आमच्या गावाला गप्प बसवायचं कॉलेज पायजे." पण आठवड्याभरानं तोच काशीराम पिंजरा घेऊन हजर झाला. त्याचा पोपट वर्षभर मिरच्या खाऊन एक शब्द बोलत नव्हता. कमळनं त्याला परोपरीनं सांगितलं की आमच्या पुस्तकात पोपट नाहीत. काशीराम म्हणाला, "माणसावर हात साफ करायच्या आधी ह्याच्यावर कर ना गो." दीड महिना तो पोपट लशक्यांच्या ओट्यावर टांगलेला होता. बोलला नाही. पण सखुबाईंसारखा खोकायला मात्र शिकला, आणि काशीरामनं तो यशस्वी उपचार मानून कमळला दोन नारळ दिले.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कमळला आवाजबंद खोलीत बसवलं. जाड भिंती, जाड दार, कानाला हेडफोन. ऐकू आलं की सांगायचं. तिला ऐकू आलं आणि तिनं ते सांगितलं. दार उघडून विमला मॅडम आत आल्या. त्या तिच्या मुख्य शिक्षिका, अत्यंत मृदू बाई, कपाटालाही 'जरा सरकतोस का' विचारून सरकवतील अशा.

"कमळ," त्या म्हणाल्या, "बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून ही खोली बांधलीय. तुझा आतला बाहेर येतोय."

तिथून कमळनं हळू बोलण्याचा ध्यास घेतला. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसायची. मी तिला रंगभूमीवरची कुजबूज शिकवायची: श्वास पोटातून, घसा सैल, शब्द ओठांवर. तिसऱ्या वर्षापर्यंत तिचे दोन आवाज झाले. बस अंधेरी स्टेशनला पोचली की कॉलेजचा सुरू व्हायचा, परत येताना वेसाव्याच्या बस-थांब्यावर उतरली की घरचा. एकदा घाईत अदलाबदल झाली. तिनं बसमध्ये "जरा पुढे सरकता का?" एवढंच घरच्या आवाजात म्हटलं, तर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली.

आता खरी गोष्ट. ती एकोणीसशे बाहत्तर सालची.

शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येक विद्यार्थिनीनं आपला एक रुग्ण दाखवायचा असे. आधीचा आवाज टेपवर, नंतरचा आवाज परीक्षकांसमोर, प्रत्यक्ष. मधल्या काळात आपण काय केलं ते सांगायचं. त्यावर पदवी. एकदा नाव दिलं की रुग्ण बदलता येत नसे. कमळनं आपल्या आईचं नाव दिलं.

कारण सखुबाईंचा आवाज फाटला होता. अंधेरीच्या बाजारात पाटीवर बसून तीस वर्षं ओरडल्यावर दुसरं काय होणार? कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "वल्हवून हाताला घट्टे पडतात ना, तसे तुमच्या स्वरतंतूंवर पडलेत. पूर्ण विश्रांती. एक शब्द बोलायचा नाही."

सखुबाईंची बोली मला कधीच धड जमली नाही, कागदावर तर नाहीच. पण साधारण असं म्हणाल्या: "मी गप बसू? मग म्हावरं कोण ईकल? पापलेट सोताच्या तोंडानं गिऱ्हाईक बोलवल?"

"आये, घसा कायमचा जाईल," कमळ म्हणाली.

"जाऊदे. बाजारात बाया काय बोलतील? लशक्यांच्या सखूला डाक्टरनं गप केली! त्या पलीकडच्या पाटीवरच्या कमळाबाईला तर लाडू वाटायचं निमित होईल."

शास्त्रानं काही होत नाही हे कमळला कळलं. मग तिनं एक युक्ती काढली. शिमग्याच्या आदल्या दिवशी ती आईजवळ बसली आणि मुद्दाम चेहरा पाडून म्हणाली, "आये, परीक्षा लय कठीण हाय गो. तू एकवीरा आईला नवस बोल ना. माझी पोर पास होऊ दे म्हणून. होळीपासून चैत्रातल्या जत्रेपर्यंत मौन धर. कार्ल्याला पायरीवर नारळ फोडून सोड."

सखुबाईंनी पोरीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरीसाठी ना? बोलले."

हिशेब चोख होता. होळी ते जत्रा विश्रांती. जत्रेनंतर थोडे दिवस नव्या, हलक्या आवाजाची शिकवणी. मग परीक्षा. होळीच्या रात्री सखुबाई शेवटचं म्हणून इतक्या गायल्या, इतक्या बोंबलल्या, की दुसऱ्या दिवशी मौन नसतं तरी आवाज नव्हताच.

आणि मग वेसाव्यानं असा काळ पाहिला की काय सांगू! पहिले दोन दिवस लोक काळजीनं चौकशीला आले. "घरात कुणी आजारी हाय?" खाडीतल्या होडीवाल्यांना घराचा अंदाज येईना. कारण अंधारात परतताना ते सखुबाईंच्या आवाजावर दिशा धरायचे म्हणे. मला ही थाप वाटते, पण सांगितली चंदू तांडेलानं, आणि तो देवळातल्या घंटेची शपथ घेऊन. सगळ्यात मोठा चमत्कार म्हणजे महादू बोलू लागला. आधी एकेक शब्द. मग वाक्यं. मग तर थांबेचना. सकाळी चहाबरोबर सुरू व्हायचा: त्याच्या लहानपणीचं वादळ, जाळ्याची वीण, गोव्याकडचे मासे, सासऱ्यानं लग्नात दिलेलं खोटं घड्याळ. सखुबाई डोळे विस्फारून ऐकत. पंचवीस वर्षांत त्यांना वाटलं होतं, ह्या माणसाला सांगण्यासारखं काही नाही. उत्तर देता येत नाही म्हणून त्यांचा जो जळफळाट व्हायचा, तो मी जिन्यातून तिकीट न काढता बघायची.

आणि बाजार! मौन धरलेली कोळीण म्हणजे गिऱ्हाइकांची वाट लागली. आमच्या ओळखीच्या वसुधाबाई, घासाघिशीत अंधेरीत पहिला नंबर, त्या पाटीसमोर बसल्या. सखुबाईंनी बोटांनी भाव दाखवला.

"छे! एवढा?" वसुधाबाई म्हणाल्या.

सखुबाई नुसत्या बघत राहिल्या.

"कमी कर गं थोडा."

सखुबाई बघत राहिल्या.

"बरं, अर्धा तरी कमी? ... अशी काय बघतेस? मी काय चोर आहे? ... बरं बाई, पाव कमी. ... घे, घे, पूर्ण घे!" आणि पापलेट पिशवीत टाकून वर "देवी तुझं भलं करो" म्हणत त्या निघाल्या. देवीसाठी मौन धरलेलं कळल्यावर बाया सखुबाईंच्या पाया पडू लागल्या. पलीकडच्या पाटीवरची कमळाबाई, जिला लाडू वाटायचे होते, तीसुद्धा पडली. पडताना दात खाल्लेले मी स्वतः पाहिले.

घरी सखुबाई सकाळ-संध्याकाळ देव्हाऱ्यापुढे बसून काहीतरी पुटपुटत असायच्या. आम्हाला वाटायचं, पूजा चाललीय.

सगळं झकास चाललं होतं, आणि परीक्षा अलीकडे आली. बाहेरून येणारे परीक्षक नागपूरचे होते. त्यांच्या घरी लग्न निघालं, तारखा बदलल्या. नवी तारीख जत्रेच्या आधीची.

कमळ माझ्या खोलीत येऊन खाली बसली ती उठेचना. "मावशी, मेले मी. परीक्षकांसमोर आये बोलली नाय तर मी नापास. आणि बोलली तर नवस मोडला, म्हणजे तिच्या हिशेबानं मी नापास. शिवाय नवा आवाज तिला शिकवलाच नाय अजून!"

"तिला खरं सांग," मी म्हटलं. "तो नवस तुझ्या डोक्यातून निघालाय म्हणावं."

"आयशीला फसवलं असं सांगू? तुम्ही सांगा. तुम्ही सासवांची कामं करता."

मी खाली गेले. सखुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी परत वर आले. काही भूमिका माझ्या आवाक्याबाहेरच्या असतात.

कमळनं सौम्य मार्गानं विचारून पाहिलं: "आये, परीक्षेला एकच वाक्य बोलशील? एवढुसं?" सखुबाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं, वर दाखवलं, दोन्ही गालांत मारून घेतलं, कान धरले आणि शेवटी सुरीनं एका मांदेलीचं डोकं उडवलं. अर्थ अगदी स्पष्ट होता. तरी मी म्हटलं, "त्या 'विचार करते' म्हणतायत."

परीक्षेच्या दिवशी सखुबाईंच्या खुणा समजावून सांगायला म्हणून मलाही सोबत नेलं. ठेवणीतलं हिरवं लुगडं, अंबाड्यावर वेणी, अंगावर सगळं सोनं. लग्नाला निघाल्यासारख्या दिसत होत्या. कमळ लग्नातून परत आल्यासारखी दिसत होती.

खोलीत लांब टेबल. पलीकडे नागपूरचे परीक्षक: जाड चष्मा, गळ्याला बो, कपाळावर तीन आठ्या. शेजारी विमला मॅडम. टेबलावर टेपरेकॉर्डर आणि घशातल्या स्वरयंत्राचा शिकवण्यासाठी केलेला मोठा प्लास्टरचा नमुना. हातभर उंच, लालभडक रंगवलेला, लाकडी बैठकीवर बसवलेला.

कमळनं आधीची टेप लावली. टेपमधून सखुबाई गरजल्या, "काय बोलू? ह्या डब्यात बोलू? हा डबा मना काय समजल?" परीक्षकांचा पेन खाली पडला. शेजारच्या खोलीतून शिपाई धावत आला.

"हा आधीचा आवाज," कमळ पुटपुटली.

"कळलं," परीक्षक म्हणाले. "आता नंतरचा. बाई, तुमचं नाव सांगा."

सखुबाई गप्प.

"नाव, बाई."

सखुबाई गप्प. परीक्षक कमळकडे वळले. "ह्यांना आवाज होता. तुमच्या उपचारांनंतर तो नाहीसा झाला, असं समजू?"

कमळच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढे झाले. "साहेब, त्या म्हणतायत..." पण त्या काहीच म्हणत नव्हत्या. चाळीस प्रवेश गाजवलेली मी, तिथे पहिल्यांदा वाक्य विसरले.

तेवढ्यात सखुबाई उठल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर बर्फाचा डोंगर होता. तो काही त्यांना पसंत पडला नाही. मग त्या टेबलाशी आल्या, अंबाड्यातलं एक फूल काढलं, त्या लाल स्वरयंत्राच्या डोक्यावर ठेवलं, हात जोडले, आणि बोलल्या:

"आये एकवीरे, हितं तुझा फोटू नाय. तोंड कुनाकडं करायचं म्हणून ह्याच्याकडं करतंय. राग धरू नको. मानसांशी बोलायचं नाय, हे मी तुना बोललंय. तुझ्याशी बोलायचं नाय, असं कंदी बोललं नाय. ह्या दादांना सांग, माझं नाव सखुबाई महादू लशके."

आणि तो आवाज! मऊ. सैल. घशातून नव्हे, ओठांवरून अलगद निघालेला. देव्हाऱ्यापुढे कोण ओरडतं? रोज दोन वेळा त्या देवीला गावाची सगळी बातमी देत होत्या, आणि देवीशी बोलतात त्या आवाजात देत होत्या. कमळला जे शिकवायचं होतं ते त्या रोज घोटून बसल्या होत्या.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "बाई, आता लांब श्वास घेऊन 'आ' म्हणा."

सखुबाई गप्प.

विमला मॅडम अत्यंत हळू म्हणाल्या, "सर... देवीमार्फत विचारावं लागेल."

परीक्षकांनी दाराकडे पाहिलं. बंद आहे ना, याची खात्री केली. मग खुर्ची त्या लाल नमुन्याकडे वळवली, बो सरळ केला आणि घसा साफ करून म्हणाले, "देवी... ह्यांना... जरा लांब 'आ' म्हणायला सांगा."

"आऽऽऽ," सखुबाई म्हणाल्या. तो 'आ' संपेपर्यंत परीक्षकांचं घड्याळाकडे बघायचं राहून गेलं.

"देवी, आता सलग काही बोलायला सांगा. दिवसभरात काय करतात ते."

ही चूक झाली. सखुबाईंनी एकवीरा आईला इत्थंभूत सांगायला सुरुवात केली. महादू कसा बोलायला लागलाय आणि त्याला आता कुणाला गप्प बसवता येत नाही. कमळाबाई पाया पडताना मनात काय म्हणत असेल. वरची नाटकवाली बाई रोज सकाळी आरशाशी भांडते आणि हरते. "आनी ही माझी पोर. कालेजात कोकरासारखी बोलते, घरी बोटीचा भोंगा. रातभर पुस्तक धरून बसते, जेवत नाय. आये, तिला पास कर. ह्या दादांच्या मनात घाल. दादा चांगलं दिसतात, नुसतं कपाळ तेवढं वाकडं."

परीक्षकांनी कपाळ सरळ करायचा प्रयत्न केला. मग कमळला विचारलं, "ही पद्धत कुठल्या पुस्तकातली?"

"कुठल्याच नाही, सर."

"मग हा हलका आवाज तुम्ही कसा शिकवलात?"

कमळला सहज थाप मारता आली असती. ती म्हणाली, "सर, मी नाही शिकवला. मला माहीतच नव्हतं. मी फक्त तिला गप्प बसवलं. आणि ती डॉक्टरांचं ऐकेना म्हणून..." तिनं एकदा आईकडे पाहिलं, "म्हणून नवसाची युक्ती केली. खोटी."

"म्हणजे रुग्णाला फसवलंत?"

सखुबाईंनी झटकन फूल नीट केलं. "आये, ह्यांना सांग, फसवलं बिसवलं काय नाय. मना ठाऊक होतं. ती पोर मुद्दाम तोंड पाडते तेव्हा डावी भुवई वर जाते, लहान होती तवापासून. पन डाक्टरनं गप केली तर बाजार हसते. देवीनं गप केली तर पाया पडते. मी काय येडी हाय नाय म्हणायला?"

विमला मॅडम हसल्या. आवाज करून हसल्या. तीन वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. परीक्षक बराच वेळ कागदावर लिहीत राहिले, मग नमुन्याकडे वळून अगदी सवयीनं म्हणाले, "देवी, ह्यांना सांगा, जत्रा झाल्यावरही असंच बोलायचं."

"आये," सखुबाई म्हणाल्या, "ह्याची हमी तू पन देऊ नको."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा पुढच्या मुलीचा रुग्ण आत गेला. घाटकोपरचे एक तोतरे शेठ. त्यांनी टेबलावरचं लालभडक, फूल वाहिलेलं काहीतरी पाहिलं, चपला दारात काढल्या आणि नमस्कार करूनच बसले. ते फूल मग संध्याकाळपर्यंत कुणी काढलं नाही.

विमला मॅडम मागून कॉरिडॉरमध्ये आल्या. कमळचा हात धरून म्हणाल्या, "हे मी सांगितलं असं म्हणू नकोस. पण पास आहेस. त्यांनी शेऱ्यात लिहिलंय: विद्यार्थिनीनं खोटं बोलण्याची उत्तम संधी सोडली."

रस्त्यावर येताच कमळचा घरचा आवाज परतला. "आये! तुना ठाऊक होतं? मग एवढे दिवस मना तडफडत का ठेवलंस? बोल ना!"

सखुबाईंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं आणि वर बोट दाखवलं. जत्रेपर्यंत उत्तर मिळणार नव्हतं. कमळ इस्पितळाच्या फाटकाशी उभी राहून इतकी हसली, की एका घोडागाडीचा घोडा बिचकला.

चैत्रात आम्ही सगळे कार्ल्याला गेलो. वेसाव्याची पालखी, बँडबाजा, महादू वाटेत अखंड बोलतोय. वरच्या पायरीवर सखुबाईंनी नारळ फोडला. सगळा गोतावळा श्वास रोखून उभा, की आता हा बांध फुटल्यावर पहिला शब्द काय येतो. काशीरामनं तर कानांवर हात ठेवूनच घेतले होते.

कमळनं आधीच गाठलं. "आता सांग. मी खोटा नवस सांगितला, तुना कळला होता. मग परीक्षेला सरळ बोलून टाकायचं ना! देवीआडून बोलायची काय गरज होती?"

सखुबाईंनी खोबऱ्याचा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. आवाज तोच होता, परीक्षेतला, हलका.

"सांगितलास तू खोटा," त्या म्हणाल्या. "मी बोलले तो खरा होता ना गो. पोरीच्या परीक्षेचा नवस कुनी खोटा बोलते?"

कमळच्या हातातलं खोबरं तसंच राहिलं. सखुबाई तिच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाल्या, "खा. आनी बापाला जरा गप कर, तुना त्याची डिग्री मिळाली हाय."